गोल्फमधली मैत्रीची पैज: नॅसॉ, स्किन्स आणि लांडग्याचा डाव

गोल्फचे अठरा होल, म्हणजे चेंडू एकेका खळग्यात घालायचे अठरा टप्पे, संपायला चार तास सहज जातात. त्यात पहिल्या सहा होलांतच एखाद्याचा खेळ बिघडला, तर उरलेले तीन तास तो नुसता चालत राहतो. कार्डावर आकडे लिहिले जातात, पण लक्ष उडालेलं असतं. जो पुढे आहे त्यालाही मग मजा येत नाही, कारण समोर झुंजायला कोणी उरलेलं नसतं.

गोल्फ खेळणाऱ्यांनी या रिकाम्या तासांवर गेल्या शे-सव्वाशे वर्षांत बरेच इलाज शोधून काढले. मित्रामित्रांत लावायच्या छोट्या पैजा हा त्यांतला सर्वांत लाडका. त्यांची नावं विचित्र आहेत आणि नियम ऐकताना डोकं गरगरतं, पण बहुतेकांचं सूत्र एकच: एका लांब सामन्याचे लहान लहान तुकडे करायचे आणि मागे पडलेल्याला पुन्हा पुन्हा नवी सुरुवात द्यायची. हे सूत्र धरून पाहिलं तर कुठलाही प्रकार पाच मिनिटांत समजतो. आणखी एक गोष्ट कळते, ती जास्त कामाची आहे: हरलेली रक्कम कुठे गुपचूप वाढत जाते.

पुढचे सगळे हिशेब मी पॉइंटमध्ये केले आहेत. एका पॉइंटची किंमत खेळणाऱ्यांनी ठरवायची. ती शून्य ठेवली तरी डाव तसाच चालतो. पैसे लावून खेळणं कायद्यात बसतं की नाही हे ठिकाणागणिक बदलतं, शिवाय काही क्लबांचे स्वतःचे नियम असतात. तेवढं आधी पाहून घ्यावं.

आधी हँडिकॅप, मग पैज

दोन खेळाडूंचा दर्जा अगदी सारखा असेल, तर हा भाग सोडून दिला तरी चालेल. असं क्वचितच असतं.

हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू होऊ लागली. तिच्यात तुमच्या शेवटच्या 20 राऊंडपैकी सर्वोत्तम 8 राऊंडची सरासरी धरून एक निर्देशांक काढतात, आणि तो जास्तीत जास्त 54.0 असू शकतो. प्रत्येक कोर्सची, म्हणजे मैदानाची, अवघडपणाची श्रेणी वेगळी असते, म्हणून निर्देशांकाला त्या कोर्सच्या स्लोप रेटिंगने गुणून 113 ने भागतात आणि कोर्स रेटिंग व पार (ठरलेले अपेक्षित फटके) यांच्यातला फरक त्यात मिळवतात. हे गणित हाताने करत बसू नका. बहुतेक क्लबांत तयार तक्ता लावलेला असतो, नाहीतर फोनवरचं अ‍ॅप सांगतं. पैजेसाठी हवा असतो तो शेवटी मिळणारा पूर्णांक, म्हणजे त्या दिवशी त्या कोर्सवर तुम्हाला मिळणारे स्ट्रोक, माफ होणारे फटके.

हे स्ट्रोक वाटायचे कसे? समजा अनिलचा आकडा 8 आहे आणि विजयचा 20. फरक 12. अनिलला शून्य धरायचं आणि विजयला 12 स्ट्रोक द्यायचे. स्कोअरकार्डवर प्रत्येक होलसमोर 1 ते 18 असा स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे सूट देण्याचा क्रम, छापलेला असतो. ज्या होलचा इंडेक्स 1 ते 12 आहे, तिथे विजयच्या स्कोअरमधून एक वजा होतो. त्याने 5 काढले तर ते 4 धरायचे. फरक 18 च्या वर गेला, समजा 22 झाला, तर प्रत्येक होलवर एक स्ट्रोक मिळतो आणि इंडेक्स 1 ते 4 असलेल्या होलांवर आणखी एक.

चौघे असतील तरी रीत हीच. सर्वांत कमी आकड्याचा खेळाडू शून्यावर येतो. 6, 10, 15 आणि 22 अशी चौकडी असेल तर तिचे स्ट्रोक 0, 4, 9 आणि 16 होतात. दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीचा चांगला स्कोअर धरायचा असेल, तर आधी प्रत्येकाच्या हँडिकॅपचे 90 टक्के करून मग फरक काढण्याची शिफारस आहे. जोडीत कोणी ना कोणी सावरून घेतोच, आणि पूर्ण सूट दिली तर जास्त स्ट्रोकवाल्या जोडीकडे पारडं झुकतं.

हँडिकॅप मुद्दाम फुगवून ठेवणारे प्रत्येक क्लबात एखाद-दोन असतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा नेहमीच्या गटाने स्वतःची दुरुस्ती ठरवून घ्यावी: या वेळी जिंकलेल्याला पुढच्या वेळी एक स्ट्रोक कमी. चार-पाच खेळांत आकडे आपोआप जागेवर येतात आणि कोणाच्या प्रामाणिकपणावर बोलावं लागत नाही.

नॅसॉ: एका राऊंडमध्ये तीन सामने

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ग्लेन कोव्ह इथे नॅसॉ कंट्री क्लब आहे. तिथल्या जॉन बी. कोल्स टॅपन यांनी 1900 च्या सुमारास ही पद्धत काढली असं मानलं जातं. कारण म्हणून सांगितलं जातं ते गमतीचं आहे. क्लबाच्या सामन्यांचे निकाल वर्तमानपत्रात छापून यायचे आणि मोठ्या फरकाने हरलेल्या बड्या सभासदांची शोभा व्हायची. म्हणून सामन्याचे तीन भाग केले. कितीही वाईट खेळलं तरी निकाल 3-0 च्या पुढे जात नाही.

ते तीन भाग असे: पहिले नऊ होल हा एक सामना, नंतरचे नऊ हा दुसरा आणि पूर्ण अठरा हा तिसरा. तिन्हींची पैज सारखी, समजा प्रत्येकी 10 पॉइंट. मोजणी मॅच प्ले पद्धतीने करतात, म्हणजे एकूण फटके मोजायचे नाहीत, होल कोणी जिंकला तेवढंच पाहायचं. एखाद्या होलवर अनिलने 4 आणि विजयने 9 काढले तरी अनिल फक्त एक होल पुढे जातो. त्याला 'एक अप' म्हणतात, समोरचा 'एक डाऊन'. सारखे फटके झाले तर होल बरोबरीत सुटतो. पाण्यात तीन चेंडू घालवणाऱ्याचं नुकसान एका होलपुरतंच राहतं. हौशी खेळाडूला मॅच प्ले परवडतो तो याचमुळे.

इथपर्यंत सोपं आहे. नॅसॉची खरी गंमत प्रेसमध्ये आहे, आणि नवा माणूस अडखळतो तोही तिथेच.

प्रेस म्हणजे चालू पैजेच्या पोटात लावलेली नवी पैज. साधारण रीत अशी की कोणी दोन होल मागे पडला की तो 'प्रेस' म्हणू शकतो. त्या क्षणापासून त्या नऊ होलांच्या शेवटापर्यंत आणखी एक सामना सुरू होतो, तेवढ्याच रकमेचा, शून्यापासून. जुनी पैज रद्द होत नाही, ती बाजूने चालूच राहते. काही गटांत प्रेस मागावी लागते आणि समोरचा नाकारू शकतो. काहींत ती दोन डाऊन झालं की आपोआप लागते.

एक पूर्ण राऊंड घेऊ. चौथ्या होलनंतर अनिल दोन अप आहे. विजय प्रेस करतो, पाचव्या होलपासून नवव्यापर्यंत. या पाच होलांत विजय दोन जिंकतो, अनिल एक, दोन बरोबरीत. मूळ पैजेत अनिलची आघाडी दोनवरून एकवर आली, पण सामना त्यानेच जिंकला: त्याला 10. प्रेस विजयने एका होलने जिंकली: त्याला 10. पहिल्या नऊचा हिशेब फिटला.

पुढे दहावा आणि बारावा होल अनिलने घेतला. पुन्हा दोन अप, पुन्हा प्रेस, तेराव्यापासून. चौदावा आणि पंधरावाही अनिलचाच. आता दुसऱ्या नऊमध्ये तो चार अप आहे आणि उरलेत तीन होल, म्हणजे ती पैज संपली. पूर्ण अठराच्या पैजेत तो पाच अप आहे, तीही संपली. साध्या नॅसॉमध्ये हे दोघे इथून पुढचे तीन होल वेळ काढायला खेळले असते. पण तेराव्याला लागलेल्या प्रेसमध्ये विजय दोन डाऊन झालाय, म्हणून त्याने सोळाव्यापासून आणखी एक प्रेस लावली. सोळावा बरोबरीत, सतरावा अनिलचा, अठरावा विजयचा. शेवटची प्रेस बरोबरीत सुटली आणि विजयचे 10 वाचले, ते अठराव्या होलवरच्या एका पटमुळे (चेंडू आत घालायच्या हलक्या फटक्यामुळे).

एकूण हिशेब असा: पहिले नऊ अनिल 10, त्यातली प्रेस विजय 10, दुसरे नऊ अनिल 10, त्यातली पहिली प्रेस अनिल 10, दुसरी प्रेस शून्य, पूर्ण अठरा अनिल 10. अनिल निव्वळ 30 पॉइंटने वर.

तीन पैजांचा खेळ सुरू करून हे दोघे सहा पैजांवर पोचले, ते लक्षात घ्या. आता सर्वांत वाईट दिवस धरू. प्रेस आपोआप लागते आणि एक जण प्रत्येक होल हरतो. दोन होल झाले की तिसऱ्यापासून प्रेस, मग पाचव्यापासून, सातव्यापासून, नवव्यापासून. मूळ पैज धरून नऊ होलांत पाच पैजा झाल्या. दोन्ही नऊ मिळून दहा आणि पूर्ण अठराची एक, अशा अकरा. तीस पॉइंटच्या तयारीने आलेला माणूस एकशे दहा हरून जातो. म्हणून प्रेस ठेवायचीच असेल तर प्रत्येक नऊमध्ये जास्तीत जास्त दोन, असं आधीच बांधून घ्यावं. हँडिकॅपचे स्ट्रोक प्रेसमध्येही त्याच होलांवर मिळतात. प्रेस लावताना पुढच्या कोणत्या होलांवर आपल्याला स्ट्रोक आहेत हे जो कार्डावर पाहून घेतो, तो निम्मी लढाई तिथेच जिंकतो. सूट मिळणारे होल मागे पडले असतील तर प्रेस म्हणजे हौस.

स्किन्स: एका होलचा राजा

चौघे असतील आणि जोड्या करायच्या नसतील तर स्किन्स बरी. प्रत्येक होलवर एक स्किन, म्हणजे एक बक्षीस, असते. ज्याचा स्कोअर बाकी तिघांपेक्षा कमी, त्याची स्किन. सर्वांत कमी स्कोअर दोघांचा सारखा आला तर ती कोणालाच मिळत नाही, पुढच्या होलवर जाते आणि तिथे दोन स्किन्स लागतात.

समजा स्किनची किंमत प्रत्येकाकडून 2 पॉइंट. पहिले तीन होल बरोबरीत गेले. चौथ्यावर अनिलने एकट्याने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. त्याला चार स्किन्स मिळाल्या आणि तिघांनी प्रत्येकी 8 द्यायचे, म्हणजे 24 पॉइंट. तोवर तो फार चांगला खेळला होता असंही नाही. चारांतले तीन होल त्याने कसेबसे बरोबरीत काढले असतील, किंवा त्या बरोबरीत तो नसेलही. दोघांनी 4 काढले आणि त्याने 8, तरी ती स्किन पुढे गेलीच. दिवसभर गाळात असलेला माणूस एका फटक्यावर सगळ्यांचं उट्टं काढू शकतो.

ही पद्धत टीव्हीमुळे घराघरांत पोचली. 1983 मध्ये अ‍ॅरिझोनात अर्नॉल्ड पामर, जॅक निकलॉस, गॅरी प्लेअर आणि टॉम वॉटसन या चौघांना घेऊन पहिला स्किन्स गेम झाला आणि प्लेअर 1,70,000 डॉलर घेऊन गेला. 2001 मध्ये त्यात एक अट घातली: होल जिंकला तरी पुढच्या होलवर निदान बरोबरी केल्याशिवाय पैसे पक्के होणार नाहीत. पैसे साचत गेले आणि शेवटी ग्रेग नॉर्मनने सगळेच्या सगळे दहा लाख डॉलर उचलले. टायगर वूड्ससकट बाकी तिघांच्या हाती काही लागलं नाही. स्किन्स पुढे ढकलत नेण्याचा परिणाम किती टोकाला जातो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

तुमच्या गटाला एवढा चढउतार नको असेल तर दुसरी रीत आहे. चौघांनी प्रत्येकी 20 पॉइंट एकत्र टाकायचे, बरोबरीतली स्किन पुढे न्यायची नाही, सरळ बाद करायची. राऊंड संपल्यावर समजा पाचच स्किन्स निकाली निघाल्या, तर 80 ला 5 ने भागून प्रत्येक स्किन 16 पॉइंटची. इथे कोणाचंही नुकसान 20 च्या पुढे जाऊच शकत नाही. नव्या माणसाला खेळात घेताना मी हीच सुचवेन.

स्किन्समध्ये हँडिकॅपवरून हमखास कुरबुर होते. स्ट्रोक धरले तर 20 हँडिकॅपवाला पार काढतो, ती सूट वजा होऊन बर्डी ठरते आणि खरीखुरी बर्डी मारणाऱ्याशी बरोबरी होते. स्ट्रोक नाही धरले तर 20 वाल्याने खेळावं कशाला? मधला तोडगा अर्ध्या स्ट्रोकचा आहे. सूट मिळणाऱ्या होलवर एकाऐवजी अर्धा वजा करायचा. त्याचे 4 मग साडेतीन होतात: साध्या 4 ला मात देतात, पण खऱ्या 3 पुढे हरतात. दोन्ही बाजूंना हे पटतं, असा माझा समज आहे.

लांडगा

चौघांच्या खेळांतला मला सर्वांत आवडणारा प्रकार हा, कारण त्यात फटक्यांइतकीच माणसं ओळखावी लागतात.

पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, चौघांचा क्रम ठरतो आणि दर होलला फिरतो. ज्याची पाळी, तो त्या होलचा लांडगा. इतर तिघे एकेक करून टी शॉट मारतात आणि लांडगा पाहत असतो. कोणाचा फटका आवडला तर 'हा माझा भिडू' असं पुढच्याने चेंडू मारायच्या आत सांगायचं. एकदा दुसऱ्याचा फटका हवेत गेला की पहिल्याला मागता येत नाही. तिघांपैकी कोणीच निवडला नाही तर लांडगा एकटा, बाकी तिघे एकीकडे. दोन्ही बाजूंनी आपला सर्वांत चांगला स्कोअर मोजायचा.

पॉइंट देण्याच्या रीती गटागणिक वेगळ्या. एक प्रचलित रीत अशी: लांडगा आणि भिडू जिंकले तर दोघांना 2-2, त्यांचे विरोधक जिंकले तर त्या दोघांना 3-3. लांडगा एकटा जिंकला तर त्याला 4, एकटा हरला तर बाकी तिघांना 1-1. एकही फटका पडायच्या आधीच 'मी एकटा' असं जाहीर केलं तर त्याहून जास्त. अठराला चाराने भागून दोन होल उरतात, तर सतराव्या आणि अठराव्याला जो तळाला असेल त्याला लांडगा करतात. मागे पडलेल्याला पुन्हा संधी, आपलं जुनंच सूत्र.

काही गटांत लांडगा सर्वांत आधी मारतो, काहींत सर्वांत शेवटी. आधी मारला तर निदान स्वतःचा चेंडू कुठे पडलाय हे त्याला ठाऊक असतं, म्हणून नवख्यांना ही रीत सोपी जाते.

निवड करताना बहुतेक जण लांब गेलेल्या फटक्याला भुलतात. टी शॉट कितीही देखणा असला तरी होल ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जिंकला जातो. पार 3 होलवर चेंडू पट मारण्याइतका जवळ पडला तर डोळे मिटून घ्यावा. पार 5 वर टी शॉटवरून जवळपास काहीच कळत नाही, तिथे त्या होलवर स्ट्रोक कोणाला मिळतोय हे पाहणं जास्त शहाणपणाचं. आणि दोघांचे फटके वाया गेले असताना तिसरा कच्चा खेळाडू उरला असेल तर त्याच्या फटक्याची वाट पाहायची की एकटं जायचं, हा प्रश्न दरवेळी नव्याने पडतो. मधला पक्का खेळाडू हातचा सोडून पुढच्याच्या आशेवर राहणारे लांडगे बहुधा एकटे पडतात.

जपून खेळायचा एक आणि निवांत एक

व्हेगास दोन जोड्यांत खेळतात. जोडीचे स्कोअर मिळवायचे नाहीत, शेजारी शेजारी लिहायचे, लहान आकडा आधी. 4 आणि 5 म्हणजे 45. समोरच्यांचे 5 आणि 7 म्हणजे 57. फरक 12, तेवढे पॉइंट. यात जोडीतल्या चांगल्या स्कोअरचा एक फटका दहा पॉइंटचा होतो आणि वाईट स्कोअरचा एक फटका एकाचा. कोणी दहा किंवा जास्त फटके काढले तर तो आकडा आधी लिहायचा, म्हणजे 6 आणि 10 चे 610 न होता 106 होतात. एवढी दया आहे.

पण बहुतेक जण त्यात उलटापालट ठेवतात. एका जोडीने बर्डी केली आणि दुसऱ्या जोडीला ती जमली नाही, तर दुसऱ्या जोडीचा आकडा उलटतो. वरच्या उदाहरणात होल पार 5 असेल तर 4 ही बर्डी. 57 चे झाले 75, फरक 30. त्या जोडीने 5 आणि 9 काढले असते तर 95 वजा 45, म्हणजे एका होलवर 50 पॉइंट. नॅसॉला जो पॉइंट चालतो तो इथे चालणार नाही. व्हेगासला पॉइंटची किंमत अगदीच क्षुल्लक ठेवा, किंवा एका होलवर जास्तीत जास्त इतकेच अशी मर्यादा घाला. दोन्ही जमत नसेल तर हा प्रकार सोडून द्या.

बिंगो बँगो बाँगो याच्या अगदी उलट, निवांत. प्रत्येक होलवर तीन पॉइंट: ग्रीनवर सर्वांत आधी चेंडू आणणाऱ्याला एक, सगळे ग्रीनवर आल्यावर ज्याचा चेंडू झेंड्याच्या सर्वांत जवळ त्याला एक आणि सर्वांत आधी चेंडू होलमध्ये घालणाऱ्याला एक. जो सर्वांत लांब तो आधी खेळतो, हा क्रम इथे काटेकोर पाळावा लागतो. मागे रखडणारा कच्चा खेळाडू आधी खेळतो, म्हणून त्यालाही हे पॉइंट मिळतात. हँडिकॅप नसलेल्यांनाही घेता येईल असा हा एकच खेळ म्हणता येईल.

किरकोळ पैजा

मुख्य खेळाच्या जोडीला एकेक पॉइंटच्या फुटकळ पैजा चालतात. पार 3 वर पहिल्या फटक्यात ग्रीनवर सर्वांत जवळ पडला आणि पुढे निदान पार केली, तर ग्रीनी. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जाऊनही पार काढली तर सँडी. झाडाला आपटून पार काढली तर बार्की, आणि ती लाभलेल्याने झाडाचे आभार मानावेत. स्नेक उलटा चालतो. जो तीन पट मारतो त्याच्याकडे साप येतो, पुढचा तीन पट मारणारा मिळेपर्यंत तो त्याच्याकडेच राहतो, आणि अठराव्या होलनंतर ज्याच्याकडे असेल तो सगळ्यांना पॉइंट देतो. शेवटच्या तीन-चार होलांवर सापवाल्याच्या नजरा इतरांच्या पटवर खिळलेल्या असतात, ते दृश्य पाहण्याजोगं असतं.

मोठे खेळाडूही या मोहातून सुटलेले नाहीत. 2018 मध्ये टायगर वूड्स आणि फिल मिकलसन यांच्यात 90 लाख डॉलरसाठी सामना झाला. त्याआधी मिकलसनने पहिल्याच होलवर आपण बर्डी करू अशी बाजूची पैज लावली आणि ती 2,00,000 डॉलरवर गेली. बर्डी झाली नाही. सामना मात्र त्यानेच जिंकला, बाविसाव्या होलवर.

फुटकळ पैजा दोनच ठेवा. पाच प्रकार लावले की प्रत्येक ग्रीनवर हिशेबाची सभा भरते आणि मागून येणारा गट खोळंबतो.

पहिल्या टीवर ठरवायच्या गोष्टी

भांडणं रकमेवरून कमी आणि न बोललेल्या नियमांवरून जास्त होतात. सर्वांत जास्त गोंधळ गिमीवरून. होलपाशी आलेला छोटा पट 'गेला समज' म्हणून सोडून देणं मॅच प्लेमध्ये नियमातच बसतं, आणि एकदा सोडलेला पट मागे घेता येत नाही. घेणाऱ्यालाही तो नाकारता येत नाही. दोघांच्या नॅसॉमध्ये म्हणून प्रश्नच नाही. पण स्किन्समध्ये प्रत्येक जण प्रत्येकाचा विरोधक असतो, तेव्हा एकाने गिमी दिली म्हणजे तिघांनी दिली असं होत नाही. तिघांनीही मान्य करावं, नाहीतर सगळ्यांनी शेवटपर्यंत पट मारावा. बिंगो बँगो बाँगोमध्ये गिमी ठेवताच येणार नाही, तिसरा पॉइंटच चेंडू आत घालण्याचा आहे.

बाकी विचारायचं थोडकंच आहे: स्ट्रोक कोणाला किती, प्रेस मागायची की आपोआप, किती वेळा, आणि दिवसाचं जास्तीत जास्त नुकसान किती. ही शेवटची मर्यादा सर्वांत कमी ऐपतीच्या खेळाडूला विचारून ठरवावी, आणि चौघांसमोर विचारू नये. कोणाला पैजेशिवाय खेळायचं असेल तर तेही सहज मान्य व्हावं. तिघांत खेळता येणारे प्रकार भरपूर आहेत.

एकाने हिशेब ठेवावा आणि दर तीन होलांनी मोठ्याने वाचून दाखवावा. शेवटी सगळ्यांच्या देण्याघेण्याची बेरीज शून्य आलीच पाहिजे. लांडग्यासारख्या खेळात प्रत्येकाने प्रत्येकाला आपापसातला फरक द्यायचा असतो आणि तिथे सहा व्यवहार होतात. त्यासाठी एक युक्ती आहे: आपल्या पॉइंटला चाराने गुणायचं आणि चौघांची बेरीज वजा करायची. चौघांचे 14, 10, 9 आणि 3 झाले, बेरीज 36. पहिल्याचे 56 वजा 36, म्हणजे 20 घेणं. दुसऱ्याचे 4 घेणं. तिसरा शून्य. चौथ्याचे 12 वजा 36, म्हणजे 24 देणं. चौथ्याने पहिल्याला 20 आणि दुसऱ्याला 4 दिले की संपलं.

पाऊस किंवा अंधार आला तर काय, हेही टीवरच बोलून घ्या. साधारण रीत अशी की निकाली निघालेल्या पैजा द्यायच्या आणि अर्धवट राहिलेल्या रद्द. तेराव्या होलवर खेळ थांबला तर नॅसॉच्या पहिल्या नऊचे पॉइंट पक्के, बाकी दोन पैजा सोडून द्यायच्या, कोणी आधीच अजिंक्य आघाडीवर नसेल तर. स्किन्स साचलेल्या असतील तर त्यांचं दोन प्रकारे करता येतं: चौघांत वाटून टाकायच्या, किंवा पुढच्या राऊंडच्या पहिल्या होलवर न्यायच्या. अठरावा होल बरोबरीत सुटून स्किन्स शिल्लक राहिल्या तरी हाच प्रश्न येतो. तिथे वेळ असेल तर सराव ग्रीनवर एकेक पट मारून निकाल लावतात, जो सर्वांत जवळ त्याच्या.